कोकणावरची पुस्तके, कोकणातले वाचक

(पाली, जि. रत्नागिरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ सुरू होते ते डोंगराच्या चढउतारावर. गावातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्या आहेत. वाट लांबची, पोटात फारसे काही नाही, पण तोंडे मात्र मोकळी सुटलेली. लेखिका फणसवळ्याची. वडील लवकर गेले आणि आईने बांबूच्या टोपल्या-सुपे विणून घर ओढले. पुस्तकाचे नावही त्या विणकामावरूनच आले. मराठीत ते २००३ साली निघाले. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद २००८ साली कोलकात्याच्या ‘स्त्री’ प्रकाशनाने काढला आणि पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने छापला. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते बाबासाहेब १९१३ साली ज्या विद्यापीठात शिकायला गेले, तेच हे विद्यापीठ.

फणसवळे ते न्यूयॉर्क हा प्रवास सहा वर्षांत झाला. परतीचा प्रवास मात्र रेंगाळतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्राचे कीर्तन, तमाशा, गिरण्या, संत, जात, लिपी आणि राजकारण यांवर परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी एकाहून एक पुस्तके काढली. त्यांतला कच्चा माल मराठी आहे, बराचसा खेड्यापाड्यांतला आहे. पण ज्यांच्या आजोबांवर, आज्यांवर ही पुस्तके बेतली आहेत, त्यांच्या हातात ती क्वचित पडतात. पालीच्या व्याख्यानमालेत हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की या पुस्तकांचे सर्वांत चोख परीक्षक इथे बसलेले आहेत आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

(जाता जाता : अशा एखाद्या प्रकाशनसंस्थेच्या सूचीत ‘पाली’ शोधली, तर त्रिपिटकाची भाषा समोर येते. मराठी माणसाला विचारले तर तो बल्लाळेश्वराला हात जोडतो. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता जिथे फुटतो, ती आपली पाली अजून कुठल्याच सूचीत नाही.)

विद्यापीठीय प्रकाशन म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. केंब्रिजच्या छापखान्याला राजाची सनद मिळाली १५३४ साली. ऑक्सफर्डने मुंबईत कचेरी थाटली १९१२ साली. अमेरिकेत कोलंबिया, कॅलिफोर्निया, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड अशा विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रकाशनसंस्था आहेत. इतर प्रकाशकांपेक्षा त्यांची रीत वेगळी. हस्तलिखित आले, की संपादक ते त्या विषयातल्या बाहेरच्या दोघा-तिघा जाणकारांकडे पाठवतो. ते कोण, हे लेखकाला कळत नाही. ते लेखी अहवाल देतात : हे प्रकरण कच्चे आहे, या दाव्याला पुरावा नाही, हा संदर्भ राहिला. लेखकाने प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचे. शेवटी विद्यापीठातल्या प्राध्यापकांची समिती मान्यता देते. यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. प्रती थोड्या निघतात आणि त्या मुख्यतः ग्रंथालयांसाठी असतात. त्यामुळे किंमत अशी, की परदेशी बांधीव आवृत्तीचा रुपयांत हिशेब केला तर आकडा हजारांत जातो. काही पुस्तकांची भारतीय आवृत्ती निघते. रानीखेतचे ‘पर्मनंट ब्लॅक’ हे प्रकाशन २००० सालापासून ते काम नेटाने करत आले आहे. ती आवृत्ती निघाली, तर पुस्तक पुण्या-मुंबईपर्यंत पोचते. हातखंब्याच्या अलीकडे ते येत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. सुरुवात मुद्दाम एका जुन्या पुस्तकाने, कारण त्यात पालीच्या पंचक्रोशीतले प्रत्येक घर आहे. राजनारायण चंदावरकर हे केंब्रिजला इतिहास शिकवत. २००६ साली ते अकाली गेले. मुंबईतल्या भांडवलशाहीचा उदय आणि १९०० ते १९४० या काळातला कामगारवर्ग यांवरचे त्यांचे मोठे पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने १९९४ साली काढले. गिरण्यांना माणसे पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा पुढे होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चाकरमानी शिमग्या-गणपतीला गावी पळतो, त्याचा एक पाय शेतात असतो, म्हणून तो खरा कामगार झालाच नाही, असे गिरणीमालक आणि इंग्रज अधिकारी म्हणत. पुढच्या काही विद्वानांनीही तेच गिरवले. चंदावरकरांनी हे उलटे करून दाखवले. मुंबईतली नोकरी बेभरवशाची होती. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राहायचा आणि जॉबरने बोट दाखवले तरच आत जायचा. अशा माणसाने गावचे घर, वरकस जमिनीचा तुकडा आणि भाऊबंदकी धरून ठेवली, त्यात मागासलेपण कसले? तो त्याचा विमा होता. १९२८ साली गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सहा महिने चालला तो याच बळावर. घरची माणसे गावी धाडून द्यायची, दाणागोटा गावाहून मागवायचा आणि संप ताणून धरायचा. म्हणजे मुंबईच्या कामगार चळवळीचे एक टोक परळला होते आणि दुसरे इथल्या भाताच्या खाचरात.

हे वाचताना कोकणी वाचकाला जे सुचेल, ते केंब्रिजच्या वाचकाला सुचणार नाही. मनीऑर्डर येते खरी. पण ती कोणाच्या नावाने येते? चाकरमान्याची बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी, जमिनीचा सातबारा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिरांच्या नावावर आणि लावणी-कापणी हिच्या हातांवर. विमा होता, पण त्याचा हप्ता भरत कोण होते? चंदावरकरांच्या पुस्तकाचा भर मुंबईवर आहे, त्यामुळे ही बाजू त्यात पुसट राहते. ती भरून काढायला ‘आयदान’ शेजारी ठेवून वाचावे लागते. ही दोन पुस्तके एकत्र वाचण्याची खरी जागा रत्नागिरी जिल्हा हीच आहे.

कलांवरच्या पुस्तकांत दोन नावे आधी घ्यावी लागतील. ॲना शुल्ट्झ या संगीताच्या अभ्यासक. राष्ट्रीय कीर्तनावरचे त्यांचे पुस्तक ऑक्सफर्डने २०१३ साली काढले. टिळकांच्या काळात दत्तोपंत पटवर्धनांसारख्या कीर्तनकारांनी नारदीय कीर्तनाच्या चौकटीत देशभक्ती बसवली, हे मराठी वाचकाला ऐकून माहीत असते. शुल्ट्झ पुढे जाऊन विचारतात, ती बसली कशी? पूर्वरंगात बुवा अभंग घेतात, निरूपण करतात. मग नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, श्रोता सैलावतो. उत्तररंगात आख्यान येते आणि त्या आख्यानात ध्रुव-प्रल्हादाऐवजी एखादा क्रांतिकारक उभा राहतो. टाळ्यांचा ठेका, पेटीची साथ आणि चाल तीच असते, म्हणून मनाचा भावही तोच राहतो. राजकारणाला भक्तीचा सूर लागतो तो इथे. वारकरी कीर्तन आणि हे कीर्तन यांतला फरकही त्या कानाने टिपतात. देवळात उभ्या उभ्या कीर्तन ऐकलेल्या माणसाला यातला संगीताचा भाग अमेरिकन प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. अवघड जाईल ती पहिल्या प्रकरणातली सिद्धान्तांची भाषा. तिथे एक व्यवहारी सल्ला द्यावासा वाटतो : अशा पुस्तकांची सुरुवात दुसऱ्या प्रकरणापासून करावी. पहिले प्रकरण बहुधा परीक्षकांसाठी लिहिलेले असते.

दुसरे नाव शैलजा पाईक यांचे. नगर जिल्ह्यातल्या पोहेगावच्या कुटुंबातल्या, पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा मराठी वृत्तपत्रांत फोटो आले. पुस्तकाबद्दल मात्र चार ओळींपुढे कोणी गेले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२२ साली काढलेले ते पुस्तक तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी मराठी माणसाने कौतुकाने मिरवली. पण ब्राह्मण घरातून आलेला शाहीर कीर्तीचा धनी झाला आणि महार समाजातली पवळा कशाची धनी झाली, हा प्रश्न पाईक सोडत नाहीत. एकीकडे आंबेडकरी चळवळ तमाशाकडे पाठ फिरवायला सांगत होती, कारण त्यात बाईची आणि जातीची अप्रतिष्ठा होती. दुसरीकडे सरकार आणि प्रतिष्ठित वर्ग त्याच तमाशाला ‘शुद्ध’ करून महाराष्ट्राची अस्मिता म्हणून मंचावर आणत होते. या दोहोंच्या मध्ये ती कला करून पोट भरणारी बाई उभी होती. पाईक तिच्याशी बोलल्या, फडांत गेल्या, कागदपत्रे धुंडाळली. पुस्तक वाचताना वाचकाची चिडचिड होते, आणि ती व्हावी अशीच त्याची रचना आहे.

बाकीची नावे भराभर. कोलंबियाने काढलेली ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांची नामदेवांवरची आणि ‘लीळाचरित्र’-‘ज्ञानेश्वरी’वरची पुस्तके (२००८ आणि २०१६). अरुण कोलटकरांच्या द्वैभाषिक कवितेवर अंजली नेर्लेकर (नॉर्थवेस्टर्न, २०१६). मुंबईतले दलित, कामगार आणि शहराची घडण यांवर जुनेद शेख (वॉशिंग्टन विद्यापीठ, २०२१). मराठ्यांच्या इतिहासस्मृतीवर प्राची देशपांडे (कोलंबिया, २००७), आणि त्यांचेच मोडी व कारकुनी लेखनव्यवहारावरचे नवे पुस्तक (पर्मनंट ब्लॅक, २०२३). घरात मोडीचे रुमाल असतील आणि ते वाचता येत नसतील, तर या शेवटच्या पुस्तकाने निदान ते कोणी, कुठे बसून, कोणासाठी लिहिले असतील याची उमज पडेल.

रत्नागिरीच्या वाचकाने अगदी जवळून तपासावे असे अलीकडचे पुस्तक म्हणजे जानकी बखले यांचे सावरकरांवरचे, प्रिन्स्टन, २०२४. सावरकर जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर, आणि १९३७ पर्यंत इथेच राहिले. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशांतून पतितपावन मंदिर उभे राहिले. बखले यांचे म्हणणे असे, की इंग्रजी वाचकाला सावरकर ठाऊक आहेत ते ‘हिंदुत्व’ या एका पुस्तकापुरते. मराठीतला कवी, नाटककार, इतिहासकार आणि जातिप्रथेवर कोरडे ओढणारा निबंधकार वाचल्याशिवाय त्या माणसाची महाराष्ट्रावरची पकड समजत नाही. पोलिसांच्या पाळतीचे सरकारी कागदही त्यांनी बारकाईने वाचले आहेत. पुस्तक भक्तांना रुचणार नाही आणि विरोधकांनाही पुरते सोयीचे नाही. रत्नागिरीत ही तेरा वर्षे अजून घरोघरच्या सांगण्यात आहेत : सहभोजनाला कोण गेले, कोण नाही, कोणाच्या घरी त्यानंतर पाणी बंद झाले. जातिविषयक प्रकरणाला जोड किंवा आव्हान द्यायचे, तर ते या सांगण्यातूनच मिळेल. ही पिढीजात आठवण कोणी लिहून काढलेली नसेल, तर ती ऐकण्याची मुदत फार उरलेली नाही.

विद्यापीठाचे नाव पाठीवर आहे म्हणून पुस्तक निर्दोष, असे मात्र मानू नये. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक ऑक्सफर्डने २००३ साली काढले. त्यात महाराजांच्या कुटुंबाविषयी एका ऐकीव थट्टेचा उल्लेख होता. कागदपत्राचा आधार शून्य. पुण्यातल्या अभ्यासकांनीच आक्षेप घेतला आणि नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. तिथे हे थांबायला हवे होते. पण ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली आणि शासनाने बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००७ साली ती उठवली, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध भांडलेल्यांपैकी फार थोड्यांनी ते पुस्तक पाहिले होते, कारण तोवर ते दुकानांतून गेले होते. वर सांगितलेली परीक्षकांची पद्धत इथे फसली, हे मान्यच करावे लागते. हस्तलिखित मराठी जाणणाऱ्या एखाद्या चोखंदळ वाचकाच्या हातून गेले असते, तर त्या वाक्याखाली लाल रेघ पडली असती.

आणि असे वाचक आपल्याकडे नेहमीच होते. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ सालचे. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा अनुवाद ऑक्सफर्डने न्यूयॉर्कहून काढला २०११ साली. तोवर परदेशातला विठ्ठलाचा अभ्यासक ढेरे वाचण्यासाठी मराठी शिकत होता. कोकणातले उदाहरण त्याहून ताजे आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी जिल्ह्यातले सडे पायांखाली घालून, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत कातळशिल्पे शोधली, नोंदवली. लोक त्यांना देवाची, पांडवांची चित्रे म्हणत आले होते. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशी ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. विद्यापीठे आणि पुरातत्त्व खाते नंतर आले. पहिली नोंद सड्यावर चालणाऱ्या माणसाची आहे.

मग कोकणाच्या स्वतःच्या कलांचे काय? या व्याख्यानात नाव घेतलेल्या पुस्तकांपैकी एकही नमन-खेळ्यांवर किंवा जाखडीवर नाही. तमाशाच्या अभ्यासात गण-गौळण-वग ही साखळी पुन्हा पुन्हा येते. तीच साखळी इथे मृदंग-टाळांच्या साथीने शिमग्यात अंगणोअंगणी चालते. पालखी सहाणेवर बसते, खेळे नमन घालतात, गणपती येतो, गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, काळ्या वेशातला उंच टोपीचा संकासुर पोरांना पळवतो आणि पहाटेकडे वग रंगतो. बायकांची सोंगे पुरुष घेतात. तमाशाच्या बाईवरून महाराष्ट्रात जेवढे वाद झाले, तेवढे नमनावरून का झाले नाहीत, हा पाईक यांच्या पुस्तकातून सरळ निघणारा प्रश्न आहे. बाई मंचावर नव्हती म्हणून? की नमन गावदेवीच्या मानपानात बांधलेले होते आणि तिथे कोणी काय वाजवायचे, पालखीला खांदा कोणी द्यायचा हे जातीने ठरलेले होते म्हणून? आता मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून नमन होते, की-बोर्ड आला, प्रयोगांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवालांत अडकवतात, त्या सवालांच्या वह्या शाहिरांच्या घरी पत्र्याच्या पेट्यांत आहेत. पुस्तकाचे सामान पुरेसे आहे. लिहिणारा इथलाच निघाला तर उत्तम, बाहेरचा आला तर त्याला वह्या दाखवाव्यात आणि हस्तलिखित परत मागावे.

पुस्तके इथवर आणायची कशी? रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदान अ-ब-क-ड वर्गांप्रमाणे मिळते, आणि राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथखरेदीला मदत करते. पैसा अपुरा आहे, पण जो येतो त्यातून काय घ्यायचे याची यादी वाचकांच्या मागणीवरून बदलू शकते. प्रत्येक गावाने प्रत्येक पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. जिल्ह्याला एक प्रत आणि ती फिरवण्याची सोय पुरे. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत आहे, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे. तिथले ग्रंथपाल मनावर घेतील तर हे एका सत्रात जमेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ पासून काही पुस्तके जालावर मोफत ठेवायला सुरुवात केली, इतरही संस्था तसे करू लागल्या आहेत. तिथे किमतीची अडचण उरत नाही, इंग्रजीची उरते.

इंग्रजीची अडचण अनुवादाने सुटेल, आणि इथे मात्र महाराष्ट्राने स्वतःकडे पाहावे. १९७०च्या दशकात नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होते. उच्च शिक्षणाची पुस्तके मराठीत आणण्याचा तो सरकारी खटाटोप. आज त्याची पुस्तके जुन्या महाविद्यालयांच्या मागच्या कपाटांत धूळ खात पडलेली दिसतात. साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे. या मंडळाने वर्षाला यांतली दोन पुस्तके जरी मराठीत आणली, तरी बराच अनुशेष भरेल. पहिले चंदावरकरांचे असावे, दुसरे पाईक यांचे.

तोवर पालीत एक करता येईल. पाईक यांचे तमाशावरचे एखादे प्रकरण महाविद्यालयातल्या कोणी मराठीत तोंडी सांगावे आणि ऐकायला पंचक्रोशीतले जाखडीचे दोन शाहीर बोलवावेत, एक शक्तीवाला, एक तुरेवाला. चर्चेला वेळ जास्त ठेवावा. दोघेही सवाल टाकल्याशिवाय उठणार नाहीत.